डावखुरे देव

अल मनखूल, बर दुबई
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २००८

ताई,

मायन्यात काय लिहावं यावर अर्धी सकाळ घालवली. ‘ती. ताईस सा. न.’ लिहिलं तर तू हसशील आणि ‘प्रिय ताई’ लिहिलं तर पत्र फाडशील. म्हणून नुसतं ताई. एकवीस वर्षांनी तेवढं पुरे आहे.

तुझा मिरजेचा पत्ता मधूदादाकडून घेतला. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्नही नाही. मला एक कामाचा प्रश्न विचारायचा आहे आणि त्याचं उत्तर माझ्या ओळखीत फक्त तुलाच येत असणार. अगदीच राहवलं नाही म्हणून लिहितेय, असं समज.

शारजाच्या औद्योगिक भागात जहूरभाईंचं फ्रेमचं वर्कशॉप आहे. मूळचे रत्नागिरीचे. त्यांची एमान आणि माझी शुभ्रा एकाच वर्गात आहेत, दहावीत. इथे एक मोठं हॉटेल बांधत होते, तीनशे खोल्यांचं, आणि प्रत्येक खोलीत ग्रीक-रोमन देवांचं एक जुनं छापील चित्र लावणार होते. त्यांच्या सजावटकाराने युरोपातून अकरा पेट्या भरून चित्रं आणली आणि फ्रेमिंगसाठी जहूरभाईंकडे टाकली. गेल्या महिन्यात हॉटेलचं काम थांबलं. क्रेन जिथल्या तिथे उभ्या आहेत, सजावटकार आपल्या देशी निघून गेला आणि पेट्या गोदामात राहिल्या. मालकांना आता ती चित्रं विकायची आहेत, पण त्याआधी यादी हवी. काय आहे, कधीचं आहे, कुठल्या गोष्टीतलं आहे.

“सुचित्राताई, तुम्ही हे शिकलाय ना?” जहूरभाई म्हणाले. “मला त्यात नुसते बिनकपड्यांचे लोक दिसतात. महिन्याला तीन हजार दिऱ्हम देतो, म्हणजे आपले चाळीसेक हजार झाले. इन्शाल्ला दोन-तीन महिन्यांत काम खलास.”

शिकलेय म्हणजे काय, तुझ्या मागेमागे येऊन कॉलेजात एक वर्ष काढलं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता गंमत ऐक. जहूरभाईंनी आधीच दोन गठ्ठे करून ठेवले होते, कपडेवाले आणि बिनकपडेवाले. मधे एक तिसरा लहान गठ्ठा होता. तो कसला विचारलं तर म्हणाले, “हे डाउटफुल.” त्या डाउटफुल गठ्ठ्यापासून मी सुरुवात केली. वरच्याच कागदावरून बोट फिरवलं तर रेघ बोटाला लागली, ताई. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तांब्यात कोरली, त्या चरीत शाई भरली, वरची पुसून टाकली, ओला कागद ठेवून प्रेसमधून दाबला, आणि ती शाई अजून कागदावर उभी आहे. जहूरभाईंना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे खड्ड्यातून छपाई.” आपल्या सरांनी तासभर घेऊन जे सांगितलं ते यांनी दोन शब्दांत सांगितलं.

आणि दुसरी गंमत म्हणजे हे सगळे देव डावखुरे आहेत! वीज फेकणारा देवांचा राजा डाव्या हाताने फेकतो. सूर्यदेव धनुष्याची दोरी डाव्या हाताने ओढतो. शिकारीण देवी, समुद्राचा देव, झाडून सगळे. दोन दिवस मी नुसती खुशीत होते, की स्वर्गात तरी आपलं राज्य आहे. मग ट्यूब पेटली. चित्रकाराने काढलेलं चित्र कारागिराने तांब्यावर जसंच्या तसं उतरवलं, आणि छापताना ते उलटं झालं. जो काटेकोर असेल तो आधी चित्र उलटं करून घेतो आणि मगच कोरतो, म्हणजे कागदावर सुलटं येतं. ज्याला घाई, त्याचे देव डावखुरे.

तेव्हा आठवलं, आई माझ्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्या हातात द्यायची. तूच अप्पांना म्हणाली होतीस, “तिला डाव्यानेच कोरू दे, हात तिचा आहे.” मग अप्पांनी माझ्यासाठी वेगळी कोरणी घासून दिली, मूठ उलट्या बाजूने चपटी केलेली. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाने मुलीला एवढे लाड पुरवले म्हणून कराडच्या बाजारात लोक हसले होते. ती कोरणी कुठे हरवली कोण जाणे.

असो. प्रश्न असा. एका चित्रात एक विणकर मुलगी आहे, आरॅक्नी नावाची. ती इतकं सुंदर विणायची की देवीला राग आला. दोघींची स्पर्धा लागली. देवीने मुलीचं कापड उलटंपालटं करून पाहिलं, एकही चूक सापडली नाही, म्हणून तिने ते फाडून टाकलं आणि हातातला धोटा मुलीच्या कपाळावर हाणला. चित्रात तोच क्षण आहे. धोटा अर्थातच डाव्या हातात. पण मागावर, कापडावर, मुलीच्या खांद्यावरून एक जाडजूड आडवी रेघ गेलीय. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. चित्रातली नाही, नंतर ओढलेली. शाईने भरलेली, म्हणजे तांब्याच्या प्लेटवरच असणार.

ही रेघ कुणी आणि का मारली असेल?

इथे पोस्टमन दारात येत नाही, पत्रं पोस्टातल्या पेटीत येतात. शैलेंद्रच्या ऑफिसच्या पेटीवर पाठवू नकोस, तिथे रोज चार माणसं कमी होताहेत. जहूरभाईंच्या पेटीचा नंबर पाकिटामागे लिहिलाय.

सुची

अल मनखूल
शुक्रवार, ९ जानेवारी २००९

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, तीन ओळी. सात आठवड्यांत तीन ओळी म्हणजे माझ्या अपेक्षेपेक्षा तीन जास्तच. जहूरभाईंनी पेटीतून आणून दिलं आणि म्हणाले, “कुणी टीचरने लिहिलंय वाटतं.” मी म्हटलं, बरोब्बर ओळखलंत.

तू लिहितेस: ‘प्लेट बाद करायची रीत आहे, विसरलीस का? कुणी मारली ते रेघच सांगेल. जाड कुठे सुरू होते, बारीक कुठे संपते ते बघ. हात कळेल.’

रीत मी विसरलेले नाही. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की प्लेटवर आडवी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी चोरून छापू नये. ते मला माहीत होतं. तरी तुला विचारलं. का विचारलं ते मलाही नीट सांगता येत नाही.

पण हात कळेल, हे मात्र डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसले. रेघ वर डावीकडे खोल सुरू होते आणि खाली उजवीकडे निमुळती होत संपते. कागदावर सगळं उलटं, म्हणजे तांब्यावर ती वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली डावीकडे आली. आता अशी रेघ कुठल्या हाताची? खात्री करायला हवी ना? मी काय केलं माहितीय, वर्कशॉपमधल्या सगळ्यांना रांगेत उभं केलं. इद्रीस चित्राभोवतीचे पुठ्ठ्याचे माउंट कापतो, लखनौचा आहे. त्याच्यापासून सुरुवात. हातात टोच्या दिला, समोर रद्दी पुठ्ठा ठेवला आणि सांगितलं, एक झटक्यात तिरकी रेघ मार.

“मॅडम, ये इम्तिहान किस चीज़ का है?” इद्रीसने विचारलं.

“मार तर. यल्ला, चल लवकर.”

सात जणांनी, सगळे उजव्या हाताचे, सात रेघा मारल्या. सगळ्या उजवीकडून वरून खाली डावीकडे. मैमुनाबी, म्हणजे जहूरभाईंची बायको, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनाही मारायला लावली. तीही तशीच. मग आठवी नववी जी काय असेल ती मी मारली. माझी डावीकडून वरून खाली उजवीकडे गेली. पुठ्ठ्यावर सगळ्या एका बाजूला कललेल्या आणि माझी एकटी उलट.

जहूरभाई हसले. “सुचित्राताई, तुमची रेघ तर भर बाजारात ओळखू येईल.”

मीही हसले. मैमुनाबींना मग त्या विणकर मुलीची गोष्ट हवी होती, ती सांगितली. ऐकून त्या म्हणाल्या, “पण तिची चूक काय? चांगलं विणलं हीच?” मी म्हटलं, हो, हीच. त्या म्हणाल्या, “मग त्या देवीला पुढे कधी झोप लागली असेल का गं?”

पुस्तकात त्याचं काही नाही.

जुन्या चित्रांच्या खाली बारीक अक्षरात नावं असतात, तुला माहीतच आहे. डावीकडे ज्याने चित्र रचलं त्याचं, उजवीकडे ज्याने कोरलं त्याचं. रेघ मारणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

बाकीचं नंतर लिहिते. शैलेंद्रला चहा हवाय.

सुची

अल मनखूल
शुक्रवार, १६ जानेवारी २००९

ताई,

शैलेंद्रला चहा नको होता. तो झोपला होता. मला पुढे लिहिता येईना म्हणून उठले.

तुझं कार्ड आठ दिवस पर्समध्ये घेऊन हिंडतेय. शारजाच्या रस्त्यावर गाडीत दीड-दीड तास बसून तेच वाचते. ‘हात कळेल.’ मी तुला त्या चित्राबद्दल विचारलं होतं आणि तू मला उत्तर त्या चित्राचंच दिलंस, एक अक्षर जास्त नाही. पण तो पुठ्ठा समोर धरला आणि त्यातली माझी एकटी रेघ पुन्हा पाहिली. जहूरभाईंना जे एका नजरेत दिसलं, ते अप्पांना दिसलं नसेल? ज्या माणसाने चाळीस वर्षं पितळेवर हात चालवला, त्याला आपल्या मुलीचा हात कळला नसेल? आणि तुला?

आता सरळ सांगते. तुझ्या प्लेटवरची रेघ अप्पांनी नाही मारली. मी मारली.

एप्रिल १९८७. तू प्लेट घेऊन सुट्टीला घरी आली होतीस. दीड वर्षाचं काम होतं ते. परदेशातल्या शिष्यवृत्तीसाठी जूनपर्यंत दहा प्रती पाठवायच्या होत्या आणि तुझी एकच कच्ची प्रत झाली होती, ती मुंबईला सरांकडे. तू मला प्लेट दाखवली नव्हतीस. पुरी झाल्यावर दाखवते म्हणालीस. तू कृष्णेवर गेलीस आणि मी फडकं काढून पाहिली.

आपलं दुकान होतं. फळ्या, हंडे, घागरी, सगळ्यांवर उजेड कसा पडलाय ते एकेका रेघेने दाखवलेलं. अप्पा मांडीवर घागर घेऊन बसलेले. मी वाकून वाकून चूक शोधली, ताई, खरंच शोधली. एक सापडली नाही. आणि अप्पांच्या शेजारी, खिडकीखालच्या पाटावर, एक मुलगी तांब्या कोरत बसलेली. खाली मान, वेणी पुढे. कोरणी उजव्या हातात. म्हणजे तू.

तो पाट माझा होता. तू मुंबईला गेल्यापासून, माझं कॉलेजचं एक वर्ष सोडलं तर, चार वर्षं तिथे मी बसत होते. तुझ्या फीसाठी हंड्यांवर लोकांची नावं मी घालत होते, डाव्या हाताने. कॉलेजात माझं एक वर्ष झालं आणि दोघींचा खर्च झेपेना म्हणून परत कोण आलं? मी. आता तू समुद्रापार जाणार होतीस आणि जाताना त्या पाटावरही स्वतःला बसवून गेलीस. मला एवढा राग आला की कान गरम झाले. कोरणी हातातच होती.

एक झटका, बस. तांबं किती मऊ असतं ते तुला माहीत आहे.

मग घाबरले. तू आलीस, पाहिलंस, आणि मी ‘मला वाटलं प्रती झाल्या, बाद करायची रीत असते ना’ असं काहीतरी बोलणार होते. तेवढं खोटं मी तयार ठेवलं होतं. पण माझ्याआधी अप्पाच बोलले. “माझ्या हातून झालं, अनू. कोरणीला धार लावली होती. रद्दी पत्रा समजून तिच्यावर चालवून पाहिली.” धार लावली की रद्दी पत्र्यावर रेघ ओढून बघायची, ही त्यांची रोजचीच सवय, म्हणून मला ते पटलं. मला वाटलं त्यांनी खरंच नंतर चालवली असेल, माझी रेघ त्यांना दिसलीच नसेल. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो.

तू त्यांच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, प्लेट फडक्यात गुंडाळलीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. शिष्यवृत्ती गेली. तू मिरजेला शाळेत चित्रकला शिकवायला लागलीस. माझ्या लग्नाला आलीस ती पाहुण्यासारखी. अप्पा शहाण्णव साली गेले तेव्हा तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मला वाटत राहिलं, तू त्यांच्यावर रागावली आहेस, आणि ते माझ्यामुळे. ते गेल्यावर सांगून काय उपयोग, असंही मी ठरवून टाकलं. सोयीचं होतं.

मला माफ कर असं लिहिताना लाज वाटते. तरी लिहिते. मला माफ कर. तुझं आयुष्य मी वाकडं केलं आणि दोष अप्पांच्या नावावर जाऊ दिला.

उत्तर दे असं म्हणायचा मला हक्क नाही.

सुचित्रा

अल मनखूल
शुक्रवार, ६ मार्च २००९

ताई,

सात आठवडे झाले. पेटी रिकामी. मी रोज विचारते म्हणून जहूरभाई आता वर्कशॉपमध्ये शिरतानाच दोन्ही हात झटकून दाखवतात.

ओरडा खायला मी तयार होते, तू गप्प राहशील याला नव्हते. पण तुझं तू ठरव. मी आपली बातमी देते.

शैलेंद्रची नोकरी गेली. अख्खा विभागच बंद केला, मेअखेरपर्यंत मुदत दिलीय. व्हिसा संपला की इथे राहता येत नाही, म्हणून २९ मेची तिकिटं काढली. आम्ही पुण्याला येतोय, कायमचे. खालच्या पार्किंगमध्ये तीन गाड्या धुळीने पांढऱ्या होऊन उभ्या आहेत, त्यांचे मालक न सांगताच गेले. शैलेंद्र घरात बसून कपाटं लावतो आणि परत विस्कटतो. एका संध्याकाळी त्याला बरं वाटावं म्हणून मी सूर्याच्या पोराचं चित्र दाखवलं. बापाचा रथ एक दिवस चालवायला मागितला, घोडे आवरले नाहीत, आकाशातून रथासकट खाली. शुभ्रा परीक्षेचं पुस्तक बाजूला ठेवून बघायला आली. “So basically he crashed his dad’s car,” ती म्हणाली. शैलेंद्र महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

माझी यादी पुरी झाली. चारशे बारा कागद. त्यात खरे जुने एकशे सहा, बाकीचे मागाहून छापलेले. मालकांचा माणूस बघायला आला होता. आरॅक्नीचा कागद उचलून म्हणाला, “ये तो डिफेक्टिव्ह है, निकाल दो.” मी काढला नाही. जहूरभाईंनी त्याच्याशी बोलून तो मला मिळवून दिला.

त्या कागदाने मला एवढं छळलंय की तुला त्याच्याबद्दलचं शेवटचं सांगतेच. कागद उजेडात धरला. तो बाकीच्यांपेक्षा फार नवा आहे, निदान शंभर वर्षांनंतरचा. म्हणजे प्लेट बाद झाली, तशीच पडून राहिली आणि एवढ्या वर्षांनी कुणाला तरी ती सापडली. रेघ दिसत असताना त्याने तिच्यात शाई भरली आणि छापली. विकली जाणार नाही हे माहीत असताना. का छापली असेल? मला वाटतं त्याला फक्त बघायचं होतं. रेघेखाली त्या मुलीचा चेहरा अजून आहे का, एवढंच. तो आहे, ताई. थोडासुद्धा बिघडलेला नाही.

तुझी प्लेट तू मोडीत घातलीस की ठेवलीस?

तू उत्तर दिलं नाहीस तरी जूनमध्ये मी मिरजेला येणार. दार लावून घेतलंस तर बाहेर बसेन. पाटावर बसायची मला सवय आहे.

सुची

शारजा, जहूरभाईंचं वर्कशॉप
शुक्रवार, २२ मे २००९

ताई,

आज सुट्टी असूनही जहूरभाईंनी फोन करून बोलावलं. “पेटीत मावलं नाही, काउंटरवरून काल सही करून आणलंय. तुमच्या टीचरचं आहे.” दोन प्लायवुडच्या मधे बांधलेलं चपटं पाकीट. इद्रीसने सुतळ्या कापल्या.

वरचा टिश्यू काढला आणि आपलं दुकान दिसलं. पहिल्यांदा कागदावर. मी ते आजपर्यंत फक्त तांब्यावर पाहिलं होतं, दहा मिनिटं, चोरून. हंडे, घागरी, अप्पा. आणि त्यांच्यावरून माझी रेघ, काळीभोर, तांब्यावरची उलटी होऊन वर उजवीकडे जाड आणि खाली डावीकडे निमुळती. भर बाजारात ओळखू येईल अशी.

मग पाटावरच्या मुलीकडे बघितलं. खाली मान, वेणी पुढे, मांडीवर तांब्या. कोरणी डाव्या हातात.

सहा महिने मी या वर्कशॉपमध्ये जो येईल त्याला सांगतेय की तांब्यावर सगळं उलटं असतं, काटेकोर माणूस आधी चित्र उलटं करून घेतो. स्वतःला सांगायचं तेवढं राहिलं. तू अख्खं दुकान उलटं काढलंस, फळीन् फळी, म्हणजे कागदावर माझा हात डावाच यावा. रागात मला ते दिसलंही नव्हतं. ती तू नव्हतीसच. ती मी होते. पाटावर तू मलाच बसवलं होतंस आणि मी माझ्याच अंगावर रेघ मारली.

मी रडायला लागले. मोठ्याने रडले, लाजसुद्धा वाटली नाही. जहूरभाई पाण्याची बाटली घेऊन धावत आले. “काय झालं? कोण गेलं?” मी म्हटलं, कुणी नाही, उलट आहेत सगळे.

मग खालचं वाचलं. पेन्सिलने, तुझ्या त्या बारीक अक्षरात. डावीकडे ‘कोरलं: अनुपमा’. उजवीकडे ‘रेघ: सुचित्रा’. मधे ‘२/२’, म्हणजे दोनातली दुसरी प्रत. आणि तारीख, ११ मे १९८७. ताई, मला वाटलं होतं तू हे आत्ता छापलंस. कागद कडेला पिवळा पडलाय. तू महिन्याच्या आतच छापलं होतंस, माझ्या नावानिशी, आणि बावीस वर्षं ठेवून दिलंस.

मागे लिहिलेलं मी आता पाठ म्हणू शकते. ‘पहिली प्रत अप्पांना नेऊन दिली होती. त्यांनी बघितली आणि म्हणाले, तिची ती सांगेल, आपण विचारायचं नाही, विचारलं तर ती जन्मभर मान खाली घालेल. ते नऊ वर्षं थांबले. मी जरा जास्त थांबले. मार्चमध्येच पाठवणार होते, पण दोन महिने कुढत बसले की तू एवढा उशीर का केलास. प्लेट आहे.’

म्हणजे तुम्ही दोघं बोलत होतात. अप्पांना एकटं मी पाडलं असं मला वाटायचं, आणि ते एकटे नव्हतेच. तुम्ही दोघं मिळून माझी वाट बघत होतात, आणि मी मात्र दोघांनाही चुकवत बसले होते. अप्पांना मी सांगितलं नाही याचं दुःख आता कमी होणार नाही. पण त्यांना माहीत होतं आणि तरी ते दर दिवाळीला माझ्या डाव्या हातावर पहिलं उटणं लावायचे, एवढं माझ्याजवळ राहील.

जहूरभाईंनी फ्रेमसाठी माप घेतलं. मागच्या लेबलावर चित्रकाराचं नाव घालायची त्यांची पद्धत आहे. “दोन नावं दिसतात. कुणाचं टाकू?” मी म्हटलं, जसं आहे तसं, दोन्ही. त्यांनी पैसे घ्यायचं नाकारलं आणि मैमुनाबींनी तुझ्यासाठी खजूर दिलेत, बी काढलेले.

तीस तारखेला, शनिवारी पहाटे पुण्याला उतरतो. सोमवारी सकाळच्या गाडीने मी एकटीच मिरजेला येतेय. प्लेट फडक्यातून काढून ठेव. रेघ घासून काढू नकोस. पण खिडकीच्या वरचा कोपरा तू कोरा सोडला आहेस, उजेड तिथून नीट येत नाही. ती पहिलीच चूक मला सापडली, आणि ती तू मुद्दाम ठेवली नसशील तर बघू काय करता येतं.

आणि नोव्हेंबरच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. कोरणी हरवली नाही. कराडहून पुण्याला आणि पुण्याहून इथे, प्रत्येक घरात मी ती माझ्या साड्यांच्या खाली ठेवली. बावीस वर्षांत कशावर चालवली नाही. परवा इद्रीसकडून धार लावून घेतली आणि मोठ्या बॅगेत ठेवलीय, कारण हातातल्या बॅगेतून विमानात नेऊ देत नाहीत.

तुझी
सुची